तक्त्यात नसलेला शब्द

आमच्याकडे लेकरू पालथं पडलं की करंज्या करतात. बसायला लागलं की लाडू, कारण लाडू बसतो. रांगत उंबरा ओलांडला की गूळ-खोबरं, पाऊल टाकलं की गल्लीत पेढे, ऐपत नसली तर साखर. लेकरू बोलायला लागलं की काय करायचं, ते मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. बहुतेक त्याचं काही नसावंच. पालथं पडणं डोळ्यांना दिसतं, बोलण्याचा दिवस असा धरता येत नाही.

मी मात्र तो दिवस धरून बसले होते. लेक दोन वर्षांची होऊन गेली होती आणि 'आई' म्हणत नव्हती. दिवाळीपर्यंत बोलली नाही तर तिला गावी नेऊन ठेवायचं, असं आमच्या घरात ठरलेलं होतं.

माझं गाव बार्शीच्या पलीकडे. सातवी झाले आणि शाळा सुटली. सोडली असं म्हणायला आपण काहीतरी ठरवायला लागतं. पुढं लग्न होऊन वसईकडे आले. ह्यांना अंधेरीच्या एका कंपनीत शिपायाची नोकरी होती. आधी नालासोपाऱ्याला दुसऱ्या एका कुटुंबाबरोबर एकाच खोलीत राहिलो, मग कुणाच्या तरी ओळखीने होळीला एका वाडीच्या मागच्या अंगाला खोली मिळाली. होळी हे गावाचं नाव. सासूबाईंना ते कळलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "होळीत राहतीस का गं? मग रोजच बोंब मारत असशील."

बोंब मारण्यासारखं तिथं काही नव्हतं. पुढं घरमालकीण आजीचं कौलारू घर, मध्ये केळी, अळू, मोगऱ्याचे वाफे, एक विहीर, दोन-तीन पेरूची झाडं, आणि मागं आमची खोली. आजीचा मुलगा-सून विरारला फ्लॅटमध्ये राहायला गेलेले. ती एकटीच. उंच, वाकलेली, नेहमी काखेत पाटी. तिची बोली मला पहिले सहा महिने निम्मी कळली नाही. 'पाणी'ला पानी म्हणायची, ते आमच्याकडची म्हातारी माणसंही म्हणतात, त्याचं काही नाही. 'केळी'ला केली, 'कोवळी'ला कवली म्हणायची, तेही पुढं सरावाचं झालं. पण ती एका दमात बोलायला लागली की मी नुसती मान हलवायचे. तीही माझं ऐकून हसायची. "तुमची बोली कशी, गो बाय, दगडावर दगड घासल्यावानी," म्हणायची.

'बाय' म्हणायची ती मला. तिथं लेकीला, सुनेला, शेजारणीला, कुणाही बाईमाणसाला मायेने बाय म्हणतात. मी गाव सोडून इतक्या लांब आलेली, मला तेवढ्या एका शब्दाने भरून यायचं. पण तो शब्द माझा आहे, हे मला त्यातून कधी सुचलं नाही. ती सगळ्यांनाच म्हणते, मलाही म्हणते, एवढंच.

लेक आठ महिन्यांची झाली आणि मी कामाला लागले. वसई पूर्वेला एका गाळ्यात नकली दागिन्यांना खडे चिकटवायचं काम. ह्यांच्या एकट्यावर भागत नव्हतं. लेकराला कुठं ठेवायचं, या काळजीने मला झोप लागेना. आजीला विचारायची माझी हिंमतही नव्हती. तीच एक दिवस दारात येऊन म्हणाली, "ठेव हय. माज्या केली काय तिला खात नाय आनी ती माज्या केली खात नाय. दोगी सोबतीनं ऱ्हाव."

त्यानंतरची जवळजवळ दोन वर्षं माझी लेक दिवसभर आजीच्या वाडीत वाढली. मी सकाळी जायचे, दिवे लागायच्या सुमाराला यायचे. आणि एक गोष्ट मला तेव्हा फार नवलाची वाटायची. लेक प्रत्येक नवी गोष्ट मी घरी आले की करायची. आधाराशिवाय उभी राहिली ती माझ्यासमोर. पहिलं पाऊल टाकलं ते संध्याकाळी, आजीच्या ओट्यावरून माझ्याकडे. आजीने तोंडावर हात ठेवला, "आगो माय, चालली काय," म्हणाली. मी रडले, साखर वाटली. गाळ्यातल्या बायकांना सांगितलं, आमच्या पोरीचं असं आहे बघा, माझ्यासाठी राखून ठेवते. त्यातली एक बाई हसली होती. का हसली ते मी विचारलं नाही.

दवाखान्यात लसीकरणाच्या खोलीत भिंतीवर एक तक्ता होता. वयाप्रमाणे बाळाची वाढ. मान धरणारं बाळ, पालथं पडलेलं बाळ, बसलेलं, उभं राहिलेलं, आणि शेवटी चेंडू फेकणारा एक मुलगा. रांगेत बसून मी तो इतक्यांदा वाचला की मला पाठ झाला. सातवीपर्यंतचं वाचन त्याच कामी आलं म्हणायचं. पाच वर्षांशी तो तक्ता संपायचा. मी एकदा डॉक्टरबाईंना विचारलं, "मॅडम, पाच वर्षांच्या पुढचं कुठं असतं?" त्या म्हणाल्या, "पुढचं शाळा बघते."  माझं कुणी बघितलं असेल, असा विचार आला.

त्या तक्त्यात दीड वर्षाच्या चौकोनात लिहिलं होतं: आई, बाबा असे अर्थपूर्ण शब्द बोलते. दीड वर्ष झालं. दोन झाली. लेक नाना आवाज काढायची, बडबड बडबड करायची, पण त्यातलं मला काही म्हणजे काही उमगत नव्हतं. 'आई' तर नाहीच. मी रोज रात्री तिला समोर बसवून शिकवायचे. "आई म्हण. आ-ई." ती माझ्या तोंडाकडे बघायची, ओठ हलवायची आणि म्हणायची, "बाय."

आता हे कसं समजावून सांगू. तेव्हा नालासोपाऱ्यात, वसईत, सगळीकडे लेकरांना सगळ्यात आधी एकच शिकवायचे लोक: बाय कर. अंकलला बाय कर, आंटीला बाय कर. हात नीट हलवता येत नाही तोवरच बाय. मला वाटलं, हिलाही कुणी तरी तेच शिकवलंय. आणि ती ते भलत्याच वेळी म्हणायची. मी संध्याकाळी फाटकाशी आले की धावत यायची आणि म्हणायची, "बाय." मी आत्ता आलेय, आणि लेकरू मला जा म्हणतंय. सकाळी निघताना मात्र तोंडातून शब्द नाही, नुसती रडायची. मी ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "उलटं शिकलंय लेकरू. येताना बाय, जाताना रडणं." हसले, पण मला त्यात हसू आलं नाही. रोज कामावरून येताना स्टेशनच्या पुलावरच मनात यायचं, की आता ती मला जा म्हणणार.

डॉक्टरबाईंनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, "एकच शब्द म्हणते मॅडम, बाय. पण ते शिकवलेलं आहे, त्याला अर्थ नाही." त्यांनी कान तपासायला सांगितले. कान बरे निघाले. "थोडी वाट बघा," म्हणाल्या. वाट बघायची म्हणजे नेमकं काय करायचं, ते मला कधीच जमलं नाही.

सासूबाईंचा निरोप आला: लेकराला पोपटाचं उष्टं द्या, जीभ सुटेल. आजीच्या पेरूवर पोपट यायचेच. मी सुट्टीच्या दिवशी झाडाखाली टोचलेला पेरू हुडकत होते तेव्हा आजी काठी घेऊन तिथं आली.

"काय शोधतेस?"

"पोपटाने खाल्लेला पेरू, आजी. हिला बोलायला यावं म्हणून."

"पोपट काय बोलतो ते त्याला समजते काय?" ती म्हणाली. मग वर बघून हातातली काठी तिने फांदीवर मारली. पोपट उडाले आणि एक अर्धा खाल्लेला पेरू खाली पडला. "घे. दे तिला. पन बोलते गो ती."

मी त्यावर म्हणाले, "बोलेल आजी, तुमच्या तोंडात साखर पडो." ती काखेतली पाटी सावरून निघून गेली. ती 'बोलते' म्हणाली होती. मी 'बोलेल' ऐकलं.

ह्यांचाही त्यात काही वाईट हेतू नव्हता. माणूस दमलेला असायचा, आणि गावाकडून सारखं येत होतं की तिथं म्हातारीजवळ दिवसभर लेकरू वाडीत फिरतं, बोलायला कुणी नाही, मग कसं बोलणार. इकडे आणा, इथं घरात माणसं आहेत. शेवटी ह्यांनी सांगून टाकलं, "दिवाळीला बघू. तोवर बोलली तर ठीक. नाहीतर आईजवळ ठेवू दोन-चार वर्षं." त्या दिवसापासून माझं सगळं चित्त तिच्या तोंडाकडे लागलं. जेवताना, झोपताना, न्हाऊ घालताना मी तिच्या ओठांकडे बघायचे. लेकराला ते कळत असणार. माझ्यासमोर ती बडबडही कमी करायला लागली.

नवरात्र संपलं होतं. मला सुट्टी होती, मी खोलीत धुणं पिळत होते. लेक धावत आली. "बाय, बाय," म्हणून माझा पदर ओढायला लागली. मी म्हणाले, "नाही जात गं, आज घरीच आहे मी." ती ओढतच राहिली. मग तिने दुसरं काहीतरी म्हटलं, दोन-तीन शब्द, आणि माझ्या हाताला चावली. तशी मी उठले. ती मला केळींमधून ओढत नेत राहिली, पायांना पाटातलं पाणी लागत होतं. विहिरीच्या अलीकडे आजी आडवी पडली होती. एक डोळा उघडा, तोंड एका बाजूला गेलेलं. पाटी पालथी, अळूची पानं चिखलात.

अंगावरून वारं गेलं होतं. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दवाखान्यातून आठवड्याने घरी आणली. मुलगा-सून येऊन-जाऊन असायचे. शेजारच्या वाडीतली आजीची धाकटी जाऊ रोज येऊन बसायची, आणि कामावरून आले की मी. आजीला भरवायचं, पुसायचं, कूस बदलायची. मान उशीवर धरता यायला लागली तेव्हा जाऊ म्हणाली, "मान धरली बघ." मला तो तक्ता आठवला. पुढं आधाराने बसायलाही लागली. पण शब्द परत आला नाही. घशातून एक आवाज निघायचा, त्याचा अर्थ आम्हाला लागत नव्हता.

माझ्या लेकीला लागायचा, असं वाटायचं. ती खाटेच्या काठाला धरून उभी राहायची आणि आजीशी बोलायची. आजी घशातून आवाज करायची, ही तिला उत्तर द्यायची. एके दिवशी तिने असंच काही म्हटलं आणि जाऊ हसत हसत उठून तांब्यातलं पाणी घेऊन आली.

मी विचारलं, "तिला पाणी हवंय हे तुम्हाला कसं कळलं?"

"ही बोलली ना. म्हातारीचा घसा सुकलाय, बोलली."

"कोण बोललं?"

"तुजी पोर. मग काय मी बोलते काय?" जाऊ माझ्याकडे बघायला लागली. "तुला नाय कलत हिचं? ही आमचं बोलते. साफ म्हातारीसारखी बोलते. फक्त जीभ कवली हाय."

मी खाटेच्या पायाशी बसले. म्हणाले, "मला तर नुसतं बाय म्हणते. आल्या आल्या बाय. जा म्हणते मला."

जाऊबाईने कपाळावर हात मारला. "आगो, जा नाय. तुला हाक मारते ती. म्हातारी तुला काय बोलायची? बाय आयली, बाय आयली, दिवसभर तेच. पोरीला तू बायच. तिची आयस ती बाय." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "वरीस होऊन गेला की तिला बोलायला लागून. म्हातारीनं आमाला ताकीद दिली होती. चालली तेवा पन तेच. दुपारचीच चालली होती, आमच्या दारापर्यंत आली होती. पन म्हातारी बोलली, तिच्या आयशीला बघू दे पयला. ती दिवसभर लांब असते, तिचा हक हाय. कोनी बोलायचा नाय."

मी आजीकडे बघितलं. ती छताकडे बघत होती. ऐकू येत होतं की नाही, कुणास ठाऊक. पाऊल मला दिसलं होतं, कारण पाऊल सगळ्या बोलींमध्ये सारखंच पडतं. शब्द रोज फाटकापर्यंत येत होता आणि मी त्याला ओळखलं नव्हतं. आजी थांबली होती, की आज ओळखेल, उद्या ओळखेल.

रात्री ह्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, "म्हणजे बोलते?" मी म्हणाले, "केव्हाची बोलते."  ह्यांनी तिला जवळ ओढून विचारलं, "मी कोण गं?" ती काहीतरी म्हणाली. आम्हाला दोघांनाही कळलं नाही, आणि आम्ही हसलो. त्या महिन्यातलं तेवढंच हसणं.

मग हे म्हणाले, "पण आता दिवसा बघणार कोण हिला?"

 आजी खाटेवर. जाऊला तिची वाडी, तिची गुरं. काम सोडावं तर खोली सुटते. तीन रात्री मी वेगवेगळ्या वाटा काढून बघितल्या, सगळ्या फिरून तिथंच येत होत्या. जिच्या जिवावर मी निर्धास्त होते तीच पडली. लेक मुकी नव्हती, तरी तिला जावंच लागलं. बदललं ते फक्त कारण.

दिवाळीच्या तोंडावर हे तिला घेऊन निघाले. वसईच्या स्टँडवरून ठाण्याला, तिथून पुढं. मी मागं राहणार होते; गाळ्यात रजा नव्हती आणि आजीजवळ संध्याकाळी कुणी तरी हवं होतं. सकाळी लेकीला आजीच्या पाया पडायला नेलं. आजीने डावा हात उचलून तिच्या तोंडावर फिरवला, ओठांपाशी थांबवला. लेक काहीतरी म्हणाली. जाऊ तिथं नव्हती, त्यामुळे काय म्हणाली ते कळायचं राहूनच गेलं.

एसटीत खिडकीशी हे तिला मांडीवर घेऊन बसले. मी खाली उभी. शेजारच्या बाकावरची बाई तिला म्हणाली, "मम्मीला बाय कर, बेटा. बाय कर." गाडी सुरू झाली आणि लेकीने दोन्ही हात खिडकीबाहेर काढले.

"बाय. बाय. बाय."

कंडक्टर दारातून वाकून बघत होता. "काय छान बाय करते हो," तो मला म्हणाला. "हुशार आहे पोरगी."

मी मान हलवली.

आजी पुढच्या पावसाळ्यात गेली. वाडीचं पुढं काय झालं ते सांगण्यासारखं नाही. तिथं जे सगळीकडे झालं तेच. आम्ही पुन्हा नालासोपाऱ्याला गेलो, या वेळी स्वतःच्या खोलीत. लेक सहा वर्षांची होऊन शाळेसाठी परत आली तेव्हा स्वच्छ बोलत होती. गावाकडचं दगडावर दगड घासल्यासारखं. आल्या आल्या मला 'आई' म्हणाली. तिला शिकवून पाठवलं होतं. मी तिला होळीला घेऊन गेले, जाऊबाईला भेटवलं. जाऊ तिच्याशी तिच्या बोलीत बोलली. लेक माझ्यामागे लपली आणि विचारलं, "आई, ह्या काय म्हणायल्यात?"

पुढं काही वर्षांनी मी एका खाजगी बालवाडीत मदतनीस म्हणून लागले. तिथं आम्हा बायकांना शिकवायला एक मॅडम यायच्या. फार चांगल्या होत्या, कमी शिकलेली म्हणून त्यांनी मला कधी मागं बसवलं नाही. त्यांनी सांगितलं की वाढ पाच वर्षांशी संपत नाही, माणूस मरेपर्यंत वाढतो. कुणा परदेशी पंडिताने आयुष्याचे आठ टप्पे केलेत म्हणे, आणि प्रत्येक टप्प्यात माणसाची एकेक झटापट असते. पहिल्या वर्षात लेकरू जगावर भरवसा ठेवायचा की नाही ते ठरवतं. मधल्या एका टप्प्यात आपण कोण ते ठरतं. मी मोजून बघितलं, त्या वयात मी सासरी भाकऱ्या थापत होते. आणि अगदी शेवटी म्हातारं माणूस मागं बघतं आणि ठरवतं, जगलो ते बरं झालं की वाया गेलं.

मी विचारलं, "मॅडम, आणि त्या वेळी बोलता येत नसलं तर?"

त्यांना माझा प्रश्न नीट कळला नसावा. म्हणाल्या, "बोलता आलं नाही तरी ठरवता येतं की." ते मी धरून ठेवलं आहे. आजीने काय ठरवलं असेल याची मला अजून काळजी वाटते. तिचा तो हात लेकीच्या ओठांपाशी थांबलेला मला दिसतो, आणि वाटतं, तिला वाटलं असेल का, की आपण फार दिवस गप्प राहिलो. मला तिला सांगायचं होतं की तुम्ही माझा वाटा माझ्यासाठी राखून ठेवलात, तो मला मिळाला, उशिरा मिळाला एवढंच. सांगितलंही, ती खाटेवर असताना, माझ्या बोलीत. तिला निम्मं कळलं असेल.

बालवाडीत लेकरं सोडताना आया बाय-बाय करतात. एखादी येऊन सांगते, आमचा अजून बोलत नाही हो. मी तिला एवढंच विचारते, दिवसभर कुणाजवळ असतो, त्यांना विचारलंत का?

माझी लेक आता नर्सिंगच्या होस्टेलला असते. आठवड्यातून एकदा फोन करते. जेवलीस का, औषध घेतलंस का, सगळं विचारून झालं की म्हणते, "चल, ठेवते. बाय."

फोन तीच आधी ठेवते. मी ठेवत नाही.